फादर थॉमस स्टीफन्स आणि साष्टीच्या भाविकाचें मागणें

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे ज्यांनीं देवालय उभारलें, ज्यांनीं जमीन दिली, ज्यांनीं घंटा चढविली आणि ज्या धर्मगुरूंनीं आमच्या वाडवडिलांना बाप्तिस्मा देऊन शेवटीं मूठमाती दिली, त्या सर्वांचें स्मरण कृतज्ञतेनें केलें जातें. तें योग्यच आहे. परंतु देवालय केवळ दगडचुन्याचें नसतें. त्यांत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेला शब्द लागतात, आणि ते शब्दहि कोणीतरी श्रम करून आमच्या हातीं दिलेले असतात. ज्यांच्या ग्रंथापासून मराठींतील ख्रिस्ती वाङ्मयाची कथा सांगण्याचा प्रघात आहे, ते फादर थॉमस स्टीफन्स अशा शब्ददात्यांत अग्रगण्य होत. महोत्सवाच्या या पुस्तिकेंत त्यांचें अल्पसें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. मराठी भाषेची त्यांनीं केलेली स्तुति पुष्कळांनीं शाळेंत पाठ केलेली असते. परक्या देशांतील माणसानें आमच्या भाषेचा इतका गौरव करावा, याचा अभिमान वाटणें साहजिक आहे. पण त्या स्तुतीच्या थोड्याशा ओव्यांपलीकडे बहुतेकांची ओळख जात नाहीं. आणि तो प्रचंड ग्रंथ मुळांत कोणाच्या मागण्यावरून जन्मास आला, हें तर फारच थोड्यांना ठाऊक असतें. तो कोणा राजाच्या आज्ञेनें किंवा पंडितसभेच्या ठरावानें जन्मला नाहीं. धर्मशिक्षणास बसलेल्या एका साध्या भाविकानें आपल्या धर्मगुरूंपाशीं एक मागणें केलें, आणि धर्मगुरूंनीं तें मनावर घेतलें. या चरित्रांतील आमच्या दृष्टीनें मोलाची गोष्ट हीच आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. त्यांचे वडील व्यापारी होते व त्यांचेंहि नांव थॉमसच होतें. थॉमस लहान असतांनाच इंग्लंडच्या धर्मजीवनांत मोठी उलथापालथ झाली. इ. स. १५५८ मध्यें राणी एलिझाबेथ गादीवर आली. पुढच्याच वर्षीं कायदे होऊन रोमच्या पोपमहाशयांशीं असलेला संबंध तोडला गेला, जुनी लॅटिन मिस्सा बंद झाली, आणि नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाप्रमाणें चालणाऱ्या उपासनेस जो रविवारीं हजर राहणार नाहीं त्यास दंड ठरला. इ. स. १५७० मध्यें पोप पाचवे पायस यांनीं राणीस बहिष्कृत केल्यावर तर राज्यकर्त्यांची नजर अधिकच कडक झाली. शतकानुशतकें चालत आलेले मिस्साग्रंथ, माळा आणि मूर्ति यांस आतां घरांत लपून राहावें लागलें. आपल्या आजोबांची प्रार्थना उघडपणें म्हणतां येऊं नये, ही काय वेदना असते, तें तरुण थॉमस यांनीं स्वतःच्या देशांत पाहिलें होतें.

त्या काळीं थॉमस पाउंड नांवाचे एक श्रीमंत कॅथॉलिक गृहस्थ होते. राजदरबाराचा थाट सोडून ते भक्तिमार्गास लागले होते. स्टीफन्स यांची व त्यांची गांठ पडली, आणि पकडले जाऊं नये म्हणून स्टीफन्स त्यांच्या चाकराच्या वेषांत त्यांच्याबरोबर हिंडूं लागले. दोघांनीं रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश घ्यावा असा बेत ठरला होता. परंतु पाउंड पकडले गेले व पुढें सुमारें तीस वर्षें त्यांस निरनिराळ्या तुरुंगांत काढावीं लागलीं. स्टीफन्स मात्र निसटून रोमला पोंचले. इ. स. १५७५ च्या आक्टोबर महिन्यांत त्यांस येशूसंघांत प्रवेश मिळाला. तेथें गेल्यावरहि त्यांस आपल्या मित्राचा विसर पडला नाहीं. तुरुंगांत असलेल्या पाउंड यांस संघाचा सभासद करून घ्यावें म्हणून त्यांनीं वरिष्ठांकडे रदबदली केली आणि ती मान्यहि झाली. मित्राचें मागणें आपलें म्हणून पुढें नेण्याचा हा त्यांचा स्वभाव वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें साष्टींत त्याचाच प्रत्यय आला.

संत फ्रान्सिस झेवियर यांस देवाज्ञा होऊन तेव्हां पंचवीस वर्षें होत आलीं होतीं, आणि पूर्वेकडील त्यांच्या कार्याची कीर्ति युरोपभर झाली होती. स्टीफन्स यांस हिंदुस्थानांत जाण्याची अनुज्ञा मिळाली. ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं ते लिस्बनहून जहाजावर चढले व ता. २४ आक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेला तो प्रवास फार खडतर होता. आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं वादळानें गांठलें. पुढें ताज्या अन्नपाण्यावांचून हिरड्या सुजून दीडशेंच्या आसपास उतारू आजारी पडले व त्यांपैकीं सत्तावीस जण दगावले. गोव्यास पोंचल्यावर थोड्याच दिवसांत, ता. १० नोव्हेंबर रोजीं, स्टीफन्स यांनीं हा सर्व वृत्तांत वडिलांस कळविला. इ. स. १५८९ मध्यें रिचर्ड हॅक्लुट या ग्रंथकारानें तें पत्र आपल्या प्रवाससंग्रहांत छापलें. हिंदुस्थानांत येऊन राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचेंच नांव घेतात. त्यांच्यामागून त्यांचे देशबांधव येथें व्यापारास आले आणि पुढें राज्यकर्ते झाले. हे मात्र आले ते सेवेसाठीं, आणि इथलेच होऊन राहिले.

इ. स. १५८० मध्यें गोव्यांत त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टींत झाली. ही साष्टी म्हणजे ठाणें-वसईकडील आमची साष्टी नव्हे. ती गोव्याच्या दक्षिण भागांतील, मडगांव व राशोल यांच्या भोंवतालची साष्टी. आयुष्याचीं पुढील बहुतेक सर्व वर्षें त्यांनीं तेथील गांवांतून काढलीं. बाप्तिस्मा देणें, पापनिवेदन ऐकणें, मुलांना धर्मशिक्षण देणें, रोग्यांच्या बिछान्यापाशीं बसणें, हा त्यांचा नित्यक्रम. आणि तो करावयाचा तर लोकांची बोली आली पाहिजे, हें त्यांनीं पहिल्यापासून जाणलें. घरोघर बोलली जाणारी कोंकणी त्यांनीं आत्मसात केली. आणि पुराणकथा व ओव्या ज्या भाषेंत ऐकण्याची लोकांस संवय होती ती मराठीहि ते शिकले.

भाषा शिकतांना त्यांची दृष्टि किती सूक्ष्म होती, याचा एक दाखला आहे. ता. २४ आक्टोबर १५८३ रोजीं त्यांनीं पॅरिस येथें असलेल्या आपल्या रिचर्ड नांवाच्या भावास पत्र लिहिलें. या देशांतील भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानास गोड लागतात, आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे, असें त्यांनीं त्यांत कळविलें. सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एका कुळांतील भाषा असाव्यात असा विचार इ. स. १७८६ मध्यें कलकत्त्यास मांडला आणि त्यावरून पुढें भाषाशास्त्राचा मोठा डोलारा उभा राहिला. साष्टींतील एका धर्मगुरूस त्या साम्याची चाहूल दोनशें वर्षें आधीं लागली होती. ज्या लोकांस शिकवावयास आपण आलों त्यांची बोली रानटी नसून विद्वानांच्या भाषांच्या पंक्तीस बसणारी आहे, हें ज्यानें एकदां ओळखलें, त्याच्या शिकवण्यांत तुच्छता राहणें कठीण असतें.

परंतु तो काळ सुखाचा नव्हता, आणि तें लपविण्यांत कोणाचेंच हित नाहीं. पोर्तुगीज सरकारनें साष्टींतील हिंदूंचीं देवळें पाडलीं होतीं, त्यांचे उत्सव बंद केले होते आणि त्यांच्या धर्मग्रंथांवर बंदी घातली होती. इ. स. १५६७ मध्यें गोव्यांत भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेचे ठरावहि त्याच धोरणाचे होते. त्या असंतोषाचा स्फोट इ. स. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी गांवीं झाला. देवालयासाठीं जागा पाहावयास गेलेल्या रोदोल्फ आक्वाव्हिव्हा प्रभृति पांच येशूसंघीयांस आणि त्यांच्याबरोबरच्या कित्येक ख्रिस्ती लोकांस गांवकऱ्यांनीं ठार केलें. त्या पांच जणांस पुढें इ. स. १८९३ मध्यें पोप तेरावे लिओ यांनीं धन्यवादित म्हणून घोषित केलें. परंतु सरकारनें नंतर कुंकळ्ळीच्या प्रमुख गांवकऱ्यांना असोळणें येथील किल्ल्यांत बोलावून कोणतीहि चौकशी न करतां मारलें, हेंहि त्याच इतिहासाचें पान आहे. हुतात्म्यांचीं प्रेतें ताब्यांत घेऊन त्यांस क्रियाकर्म मिळवून देण्याचें दुःखद कर्तव्य स्टीफन्स यांच्याकडे आलें. मृतांत त्यांचे सहकारी होते. आणि ज्या लोकांत त्यांस पुढें छत्तीस वर्षें राहावयाचें होतें, त्यांच्यांतलेच मारणारेहि होते. एवढें होऊनहि ते साष्टी सोडून गेले नाहींत.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक प्रसंग घडला. न्यूबेरी व फिच या दोन इंग्रज व्यापाऱ्यांस आणि त्यांच्या दोन सोबत्यांस पोर्तुगीजांनीं होर्मुझ येथें पकडून गोव्याच्या तुरुंगांत आणून टाकलें. हेर म्हणून त्यांचा संशय होता, आणि धर्मानेंहि ते परके गणले जात होते. स्टीफन्स यांनीं एका फ्लेमिश येशूसंघीयाच्या साह्यानें खटपट करून जामिनावर त्यांची सुटका करविली. ज्या देशानें आपणांस चाकराचा वेष घेऊन पळावयास लाविलें, त्याच देशाच्या माणसांसाठीं ते परदेशांत उभे राहिले. आपल्या धर्माचा छळ करणाऱ्यांचा सूड घेण्याची संधि आली असतां ती नाकारणें, हें आमच्या श्रद्धेचें खरें लक्षण होय.

आतां ग्रंथाच्या जन्माकडे येऊं. त्याची हकीकत स्टीफन्स यांनींच ग्रंथारंभीं दिली आहे. साष्टींतील एका गांवीं रविवारीं धर्मशिक्षण चाललें होतें. तेव्हां नव्यानेंच ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण गृहस्थानें उठून धर्मगुरूंपाशीं आपली अडचण मांडली. तुम्ही शिकवितां तें आम्हांस पटतें, यांत शंका नाहीं. पण पूर्वीं आमच्यापाशीं पुराणें होतीं, तीं ऐकून वेळ सत्कारणीं लागे व मनास विरंगुळा मिळे. तीं तुम्हीं वर्ज्य केलीं. मग त्यांच्या जागीं दुसरीं कां देत नाहीं, असा त्याच्या बोलण्याचा भावार्थ होता.

या मागण्यांत किती अर्थ भरलेला आहे, तें पाहावें. तो मनुष्य बंडखोर नव्हता. त्यानें नवा धर्म स्वीकारला होता आणि तो टाकण्याचा त्याचा विचार नव्हता. पण माणसाचें मन केवळ प्रश्नोत्तरांवर जगत नाहीं, हें तो जाणत होता. दिवेलागणीस घरांतील वडील माणसानें पोथी उघडावी, बायकामुलांनीं भोंवतीं बसावें, ओवीच्या लयींत कथा कानांवर पडावी, ही त्याच्या घराची पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. ती अकस्मात् थांबली होती आणि घरांत एक पोकळी पडली होती. घेतलेत तें घेतलेत, आतां देणार काय, एवढेंच त्याचें विचारणें.

असें विचारणाऱ्याला गप्प बसविणें त्या काळीं अगदीं सोपें होतें. अधिकार धर्मगुरूंच्या हातीं होता, पाठीशीं सरकार होतें. जुन्या दैवतांविषयीं स्टीफन्स यांचें स्वतःचें मत त्या काळच्या इतर धर्मगुरूंप्रमाणेंच कठोर होतें, आणि बंदी चूक होती असें त्यांनीं कोठें म्हटलेलें नाहीं. ती उणीव आज आम्हांस स्पष्ट दिसते. ती झांकण्याचें कारण नाहीं. पण ज्याच्या स्वतःच्या मायदेशांत प्रार्थनेचीं पुस्तकें हिरावलीं गेलीं होतीं, असा हा धर्मगुरु होता. साष्टींतल्या त्या भाविकाचें दुःख ओळखण्यास त्याच्याहून अधिक पात्र कोण? त्यांनीं तें मागणें उद्धटपणा मानलें नाहीं, थट्टेवारी नेलें नाहीं, कीं पोर्तुगीजमधलें एखादें पुस्तक पुढें करून वेळ मारून नेली नाहीं. त्यांनीं लेखणी हातीं घेतली आणि मराठींत पुराण रचिलें.

हें काम किती मोठें होतें, तें आंकड्यांवरून कळेल. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत छत्तीस अवस्वरु म्हणजे अध्याय असून ओव्या ४,१८१ आहेत. दुसऱ्यांत एकोणसाठ अवस्वरु व ६,७८१ ओव्या. एकूण ओव्या १०,९६२ भरतात. पहिल्यांत जगाची उत्पत्ति, देवदूतांचा अधःपात, आदाम व एवा, जलप्रलय, आब्राहाम, मोशे, राजे आणि संदेष्टे यांचा वृत्तांत आहे. दुसऱ्यांत पवित्र मरियेपासून प्रारंभ करून आमच्या तारणाऱ्याचा जन्म, उपदेश, चमत्कार, दुःखसहन, मरण, पुनरुत्थान व स्वर्गारोहण यांचें कथन आहे. ग्रंथाचें पोर्तुगीज नांव तारणाऱ्याच्या जगांत येण्याविषयींचें प्रवचन अशा अर्थाचें होतें. पण लोकांत तो ख्रिस्तपुराण म्हणूनच मान्य झाला.

रचनेसाठीं त्यांनीं युरोपीय छंद आणला नाहीं. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली ओवी घेतली. पैठणच्या एकनाथमहाराजांनीं आपलें भागवत इ. स. १५७३ मध्यें, म्हणजे स्टीफन्स गोव्यास उतरण्याच्या अवघीं सहा वर्षें आधीं पुरें केलें होतें. ओवीच्या त्या भरभराटीच्या काळांतच हे परदेशी धर्मगुरु मराठी शिकले. ग्रंथारंभीं देशी कवींप्रमाणें वंदन केलें आहे, तें त्रैक्य परमेश्वराला व पवित्र मरियेला. स्वर्गास त्यांनीं वैकुंठ म्हटलें. जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून त्या ठिकाणीं कोंकणीचे सोपे शब्द मुद्दाम घातले, कारण हा ग्रंथ विद्वानांनीं वाखाणावा यापेक्षां साष्टींतील घरांत तो समजावा, ही त्यांची इच्छा होती. चव्हाट्यावरची व माजघरांतली भाषा देवाच्या कथेला चालते, असें त्यांनीं त्या काळीं करून दाखविलें.

ग्रंथ छापण्याची अडचणहि मोठीच होती. मुद्रणयंत्र गोव्यांत इ. स. १५५६ मध्येंच आलें होतें, परंतु आमच्या लिपीचे खिळे नव्हते. ता. ५ डिसेंबर १६०८ रोजीं स्टीफन्स यांनीं संघाचे श्रेष्ठी क्लावदियो आक्वाव्हिव्हा यांस रोमला पत्र लिहून, या देशाच्या भाषेंत व लिपींत पुस्तकें छापण्याची आपली जुनी इच्छा कळविली. हे श्रेष्ठी कुंकळ्ळीस पडलेल्या रोदोल्फ यांचे चुलते होत. रोमन लिपीस चोवीस खिळे पुरतात, तर इकडील जोडाक्षरांच्या लिपीस सहाशेंच्या आसपास लागतील, ही अडचणहि त्यांनीं प्रांजळपणें मांडली. ते खिळे कधींच ओतले गेले नाहींत. शेवटीं वरिष्ठांच्या परवानग्या मिळून इ. स. १६१६ मध्यें राशोल येथें हा मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापून निघाला. जें मनांत होतें तें पूर्ण साधेना, म्हणून साधेल तेंहि सोडून द्यावें, असें त्यांनीं केलें नाहीं.

इ. स. १६१९ मध्यें गोव्यांत त्यांस देवाज्ञा झाली. या देशांत येऊन चाळीस वर्षें झालीं होतीं. मायभूमीचें दर्शन त्यांस पुन्हां घडलें नाहीं. त्यांच्या पश्चात् इ. स. १६२२ मध्यें त्यांचा कोंकणींतील ख्रिस्ती धर्मसिद्धांत राशोल येथें छापला गेला. त्यांनीं रचिलेलें कोंकणीचें व्याकरण फादर दियोगु रिबैरू प्रभृतींनीं वाढवून इ. स. १६४० मध्यें प्रसिद्ध केलें. तें कोंकणीचें पहिलें छापील व्याकरण होय. ख्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या इ. स. १६४९ व १६५४ मध्यें निघाल्या.

पुढें दिवस पालटले. इ. स. १६८४ मध्यें गोव्याच्या व्हाइसरॉयानें हुकूम काढून, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें असें फर्माविलें. ज्या भाषेंत स्टीफन्स यांनीं ख्रिस्ताची कथा गाइली तिलाच राज्यकर्ते अडगळ समजूं लागले. पण हुकुमानें माजघरें बदलत नाहींत. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. तरीहि ग्रंथ जगला, कारण लोकांनीं तो हातानें लिहून काढला. जीं घराणीं गोवा सोडून कानडा मुलुखांत गेलीं त्यांनीं त्याच्या नकला बरोबर नेल्या. उपवासकाळांत तो घरोघर वाचला जाई. इ. स. १७८४ मध्यें टिपू सुलतानानें मंगळूरकडील हजारों ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणास बंदिवासांत नेलें, तेव्हां याच ओव्यांनीं त्यांस धीर दिला, असें तिकडील परंपरा सांगते. उत्तर कोंकणांत फादर फ्रान्सिस्कु व्हाज द गिमारायंश यांचें इ. स. १६५९ मध्यें छापलेलें दुसरें एक पुराण उपवासकाळांत गाइलें जात असे; पुष्कळ लोक या दोन ग्रंथांची गल्लत करतात, म्हणून तेंहि येथें नमूद करितों.

पुढें इ. स. १९०७ मध्यें जोसेफ सालढाणा यांनीं हस्तलिखितें ताडून पाहून मंगळूर येथें रोमन लिपींत ख्रिस्तपुराण पुन्हां छापलें. लंडन येथें मार्सडन यांच्या संग्रहांत देवनागरी लिपींतील एक हस्तलिखितहि आढळलें. त्यांत पोर्तुगीज शब्दांच्या जागीं बहुधा संस्कृत शब्द आहेत. इ. स. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून देवनागरी आवृत्ति काढली, आणि इ. स. १९९६ मध्यें फादर कारिदाद द्रागो यांनीं संपादिलेली आवृत्ति मुंबईस प्रसिद्ध झाली. आपला ग्रंथ या देशाच्या अक्षरांत छापून निघावा, ही १६०८ सालच्या पत्रांतील इच्छा अशा रीतीनें साडेतीनशें वर्षांनीं पुरी झाली. आणि दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें इ. स. १९६३ मध्यें उपासनेंत लोकभाषेस वाट मोकळी करून दिल्यावर आमची पवित्र मिस्साहि मराठींत होऊं लागली. ती ऐकतांना हा मार्ग पूर्वीं कोणी चोखाळला, याची आठवण असावी.

हें चरित्र वाचून आमच्या धर्मग्रामानें काय घ्यावें? स्टीफन्स यांची स्तुति करून थांबलों तर तें अपुरें होईल. त्यांच्या चरित्रांत दोन माणसें आहेत: एक विचारणारा आणि एक ऐकणारा. विचारणाऱ्याचें नांव इतिहासानें ठेविलें नाहीं, पण तो नसता तर ग्रंथ नसता. आमच्या देवालयाच्या बांकांवरहि तो बसलेला असतो. आज त्याचें वय कदाचित् पंधरा वर्षें असेल. इंग्रजी शाळेंत शिकल्यामुळें मराठी प्रार्थनेंतील निम्मे शब्द त्यास कळत नसतील. आम्ही त्यास सांगतों कीं हातांतला फोन ठेव, तीं गाणीं ऐकूं नकोस, तीं चित्रें पाहूं नकोस. सांगणें पुष्कळदां योग्यहि असतें. पण त्याच्या मनांत साष्टीच्या भाविकाचेंच मागणें उभें राहतें: हें काढून घेतां, मग त्याच्या जागीं देतां काय?

नको म्हणण्यास एक क्षण पुरतो. त्याच्या जागीं कांहीं देण्यास दहा हजार ओव्यांचे श्रम पडतात. हा धडा आईबापांस आहे, धर्मशिक्षकांस आहे, आणि आम्हां लिहिणाऱ्यांसहि आहे. आजीच्या तोंडचीं लग्नांतलीं व उपवासकाळांतलीं गाणीं आम्हीं उतरवून ठेविलीं काय? सायंकाळच्या माळेनंतर मुलांस शास्त्रांतील एक तरी कथा घरच्या बोलींत कोणी सांगतो काय? गांवांत मुलांनीं नाटक बसविलें, भजन रचिलें, तर तें शुद्ध आहे कीं नाहीं हें पाहण्याआधीं आम्ही तें ऐकून घेतों काय? आणि एखाद्यानें धर्मशिक्षणाच्या वर्गांत उठून अवघड प्रश्न केला, तर त्यास खालीं बसवितों, कीं स्टीफन्स यांच्याप्रमाणें घरीं जाऊन लेखणी उचलतों?

शेजारच्या हिंदु बांधवांशीं आमचें नातें काय असावें, याविषयींहि या चरित्रांतून बोध होतो. त्यांच्या पोथ्यांवर आलेली बंदी आमच्या इतिहासांत घडली, हें आम्ही नम्रपणें जाणून असावें. पण त्यांच्याच कवींनीं घडविलेली ओवी उसनी घेऊन आमच्या तारणाऱ्याची कथा गाइली गेली, हेंहि तितकेंच खरें आहे. या ऋणाची जाणीव ज्याच्या मनांत राहील, तो आपली श्रद्धा ठामपणें धरील आणि दुसऱ्याच्या श्रद्धेचा उपमर्दहि करणार नाहीं.

ज्या परमेश्वरानें विल्टशायरच्या एका मुलास समुद्रापार आणून आमच्या भाषेचा सेवक केलें, तो आमच्या या धर्मग्रामांतहि ऐकणारे कान व देणारे हात उत्पन्न करो. पुढील महोत्सव जे पाहतील त्यांस देवालयाच्या भिंतींबरोबर, ज्यांत प्रार्थना करितां येईल अशी जिवंत भाषाहि आमच्याकडून वारशानें मिळो, हीच ख्रिस्तचरणीं प्रार्थना.